विद्यावाचस्पतीची पात्रता

सरकारी राजपत्रांत छापलेल्या नियमांचें परीक्षण मासिकांत करण्याची चाल नाहीं. काव्य, कादंबरी, चरित्र, फार तर एखादा व्याकरणग्रंथ, एवढ्यांवरच टीकाकाराची लेखणी चालते. नियमांचीं पुस्तकें कचेरींत उघडलीं जातात आणि कचेरींतच मिटतात. तरी पण विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच्. डी. पदवीसंबंधींचे जे नियम ७ नोव्हेंबर २०२२ रोजीं राजपत्रांत प्रसिद्ध झाले, ते आम्हीं मुद्दाम परीक्षणास घेतले आहेत. कारण असें कीं, ज्या घरांत हें मासिक वाचलें जातें त्यांपैकीं पुष्कळ घरांत एखादा मुलगा, एखादी सून, क्वचित् चाळिशी उलटलेले मास्तर स्वतःच, या नियमांच्या आधारानें आयुष्याचीं पांच-सहा वर्षें बेतीत आहेत. ज्या लेखनावर माणसाच्या उमेदीचीं इतकीं वर्षें अवलंबून आहेत तें लेखन चांगलें कीं वाईट, हें पाहणें टीकाकाराचें काम नाहीं असें कोण म्हणेल?

प्रथम ग्रंथाची तोंडओळख करून देतों. चार वर्षांची पदवी घेऊन थेट येणारास शेंकडा ७५ गुण पाहिजेत, एम्. ए. किंवा एम्. एस्‌सी. होऊन येणारास शेंकडा ५५ पुरतात. अनुसूचित जातिजमाति, इतर मागासवर्ग, दिव्यांग व आर्थिकदृष्ट्या दुर्बळ अशा उमेदवारांस पांच गुणांची सवलत आहे. पुढें प्रवेशपरीक्षा, तींत अर्धे प्रश्न संशोधनपद्धतीवर व अर्धे विषयावर. लेखी परीक्षेस ७० आणि मुलाखतीस ३० असें वजन. (२०२४ सालापासून 'नेट' परीक्षेचे गुणच या कामीं वापरण्याची वाट आयोगानें मोकळी करून दिली आहे.) प्रवेश मिळाल्यावर किमान बारा क्रेडिटांचा अभ्यासक्रम, दर सहामाहीस सल्लागार समितीपुढें आपल्या कामाचा हिशेब, आणि शेवटीं दोन बाहेरचे परीक्षक व तोंडी परीक्षा. मुदत कमींत कमी तीन वर्षें, जास्तींत जास्त सहा. पुन्हां नोंदणी केल्यास आणखी दोन. एम्. फिल्. नांवाची जी मधली पायरी होती ती याच नियमांनीं काढून टाकली. सांगाडा हा असा आहे, आणि सांगाड्यांत वावगें असें कांहीं नाहीं.

परंतु ग्रंथ दोनदां वाचून झाला म्हणजे एक गोष्ट मनाला टोंचूं लागते. यांत जें जें मोजतां येतें तें तें सर्व मोजलें आहे: गुण, महिने, क्रेडिटें, हजेऱ्या, मार्गदर्शकाच्या हाताखालचीं डोकीं. उमेदवाराला मुळांत शोधावयाचें काय आहे, त्याच्या मनांत कोणता प्रश्न घोळत आहे, याची चौकशी मात्र मुलाखतीच्या हवालीं करून नियम पुढें चालूं लागतात. २०१६ सालच्या नियमांत त्या मुलाखतीविषयीं तीन ओळी होत्या. उमेदवाराच्या अंगीं त्या कामाची कुवत आहे काय, तें काम त्या संस्थेंत नीट होण्याजोगें आहे काय, आणि त्यांतून ज्ञानांत कांहीं नवी भर पडेल काय, एवढें पाहावें असें त्यांत म्हटलें होतें. आमच्या मतें या सगळ्या राजपत्री वाङ्मयांतील त्या तीन ओळी सर्वांत मोलाच्या होत. पण त्यांची गति काय झाली तें पाहा. बाहेर बाकावर उमेदवारांची रांग लागलेली असते, आंत समितीचा चहा व्हावयाचा असतो, आणि प्रत्येकाच्या वांट्याला येतात पंधरा मिनिटें. तेवढ्यांत नांव, गांव, गुण आणि विषयाचें शीर्षक एवढेंच विचारून होतें. आणि शीर्षक म्हणजे प्रश्न नव्हे. अमुक लेखकाच्या साहित्याचा चिकित्सक अभ्यास, तमुक जिल्ह्यांतील सहकारी पतपेढ्या : एक अभ्यास, हीं शीर्षकें होत, यांत विचारलें आहे काय तें ब्रह्मदेवालाही सांगतां येणार नाहीं.

आतां या नियमांच्या पूर्वावृत्तींकडे वळूं. कारण तेथील एका कलमाचा इतिहास फार बोधक आहे. २००९ च्या नियमांनीं असें ठरविलें कीं, प्रबंध सादर करण्यापूर्वीं उमेदवारानें परीक्षित नियतकालिकांत एक तरी शोधनिबंध छापलेला असावा. २०१६ च्या नियमांनीं त्यांत भर घातली : एक निबंध छापावा, शिवाय दोन परिषदांत निबंध वाचावेत. हेतु उत्तम. ज्यानें लिहिलें आहे त्यानें तें चार जाणत्यांच्या दृष्टीखालून घालावें, यापरतें चांगलें काय? पण सक्ति झाली कीं बाजार भरतो, हें आपल्याकडे कोणास ठाऊक नाहीं! पाहतां पाहतां नियतकालिकें निघालीं, परिषदा निघाल्या. पैसे भरा, आठ दिवसांत निबंध छापून मिळेल. पैसे भरा, परिषदेचें प्रमाणपत्र घरपोंच येईल. आमच्या एका तरुण स्नेह्यास अशा नियतकालिकाकडून 'आपला निबंध परीक्षकांस अत्यंत पसंत पडला' असें उत्तर आलें, तें त्यानें निबंध धाडल्यापासून चार तासांत! त्यानें भोळेपणानें आम्हांस विचारलें कीं, परीक्षक इतक्या लवकर कसे वाचतात? आम्हीं काय सांगावें? हा बाजार आंवरण्यासाठीं आयोगानें मान्य नियतकालिकांची एक यादी करविली, 'केअर' या नांवानें ती चालली, आणि २०२५ सालीं ती यादीही बंद करण्यांत आली.

२०२२ च्या नियमांनीं ही छापण्याची सक्ति उठविली. त्यावर कित्येक प्राध्यापकांनीं नाक मुरडलें. दर्जा घसरणार, असें ते म्हणाले. आम्हांस तें पटत नाहीं. जो निबंध केवळ पावती मिळविण्याकरितां लिहिला जातो त्यानें दर्जा राखला जात होता असें मानणें म्हणजे देवळाच्या दारांतल्या चपला मोजून गांवची भक्ति ठरविण्यासारखें आहे. सक्ति गेली हें ठीकच झालें. आमची तक्रार निराळी आहे. त्या सक्तीच्या पोटीं जी खरी गरज होती, म्हणजे उमेदवाराचें लिहिणें परक्या व निर्भीड वाचकाच्या डोळ्यांखालून जाण्याची, ती गरज कोठें गेली? तिच्या जागीं दुसरी सोय झाली नाहीं. सल्लागार समिति आहे, परंतु ती घरचीच. बाहेरचे दोन परीक्षक भेटतात ते अगदीं शेवटीं, ताट वाढून झाल्यावर.

उसनवारीच्या तपासणीचीही तीच गोष्ट. वाङ्मयचौर्याविषयीं आयोगाचे स्वतंत्र नियम २०१८ सालचे आहेत. त्यांप्रमाणें शेंकडा १० पर्यंत साम्य आढळल्यास शिक्षा नाहीं, ४० पर्यंत आढळल्यास प्रबंध दुरुस्त करून आणावा, ६० पर्यंत गेल्यास एक वर्ष बंदी, आणि त्यापुढें नोंदणीच रद्द. चोरीला आळा पाहिजे याविषयीं दुमत असण्याचें कारण नाहीं. पण यंत्राला दिसते ती शब्दांची जुळणी. विचाराची उचल त्याला दिसत नाहीं. इंग्रजी ग्रंथांतील प्रकरण मराठींत उतरवून आपलें म्हणून खपविणारा यंत्राच्या हातून सहज सुटतो. आणि जो प्रामाणिकपणें जुन्या पत्रांतले उतारे जसेच्या तसे देतो, त्याला अवतरणचिन्हांचा हिशेब देत बसावें लागतें. मार्गदर्शकानें प्रबंध वाचलेला असला तर त्याला दुसऱ्याच पानावर कळतें कीं ही भाषा या मुलाची नव्हे. पण त्याकरितां त्यानें वाचलेला पाहिजे!

येथें आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यावर आलों. नियमांप्रमाणें प्राध्यापकाच्या हाताखालीं एका वेळीं आठ, सहयोगी प्राध्यापकाच्या सहा, आणि सहायक प्राध्यापकाच्या चार विद्यार्थी असूं शकतात. हिशेब सोपा आहे. तीनशें पानांचा एक प्रबंध धरला तर आठांचीं चोवीसशें पानें होतात; कच्चा खर्डा आणि पक्की प्रत अशीं दोनच वाचनें धरलीं तरी अठ्ठेचाळीसशें. शिवाय दर सहामाहीचे अहवाल, व्याख्यानें, परीक्षांच्या उत्तरपत्रिका, मूल्यांकन-समित्यांच्या फायली. नियम या प्राध्यापकाकडे त्यानें स्वतः पांच निबंध छापले आहेत काय हें विचारतो. त्यानें शिष्याचें एक प्रकरण शाई लावून परत केलें आहे काय, हें विचारीत नाहीं. अर्थात् नुसती संख्या हा कांहीं गुन्हा नव्हे. मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागांत डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखालीं सुमारें ऐंशी विद्यार्थ्यांनीं पदव्या मिळविल्या असें सांगतात. परंतु तो गुरूच त्या ताकदीचा, आणि त्याचें विभागप्रमुखपण पस्तीस वर्षांचें. अपवादावरून नियम बेतूं नये.

ही पदवी मुळांत कोणत्या अपेक्षेनें निघाली हें थोडें मागें जाऊन पाहिलें म्हणजे आमचें म्हणणें स्पष्ट होईल. तिचें आजचें रूप घडलें तें जर्मनींत. १८१० सालीं स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठानें अध्यापकानें शोध करावा व विद्यार्थ्यानें त्याच्या शेजारीं बसून तो शिकावा असा धडा घालून दिला. अमेरिकेंत येल येथें १८६१ सालीं पहिल्या पीएच्. डी. दिल्या गेल्या. इंग्लंड याबाबत मागेंच राहिलें. ऑक्सफर्डनें ही पदवी सुरू केली ती १९१७ सालीं, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमींत. आमच्याकडील पहिल्या पिढीचे संशोधक तिकडे गेले ते या काळांत. ज्ञानकोशकार केतकर कॉर्नेलहून १९११ सालीं ही पदवी घेऊन आले. घुर्ये केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे शिकले, आणि १९२२ सालीं रिव्हर्स एकाएकीं वारले तेव्हां हॅडन यांनीं त्यांना पुढें नेलें.

डॉ. आंबेडकरांची कथा तर या बाबतींत पुन्हां पुन्हां सांगण्यासारखी आहे. कोलंबिया विद्यापीठाचा त्या काळीं असा दंडक होता कीं, प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाकडे दिल्याशिवाय पदवी मिळावयाची नाहीं. आंबेडकरांनीं १९१६ सालीं अमेरिका सोडली, प्रांतिक वसुलीवरचा त्यांचा ग्रंथ लंडनमध्यें छापून निघाला १९२५ सालीं, आणि पीएच्. डी. पदरांत पडली ती १९२७ सालीं. मधल्या काळांत बडोद्याची शिष्यवृत्ति संपली होती, पुस्तकांचें सामान समुद्रांत बुडालें होतें, नोकरी धरावी लागली होती. लंडनच्या डी. एस्‌सी. करितां लिहिलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनीं त्यांस सुधारून पुन्हां लिहावयास लावला, आणि मग १९२३ सालीं मान्य केला. त्या ग्रंथाला प्रस्तावना आहे ती त्यांचे गुरु एडविन कॅनन यांची; आणि तींत कॅनन मोकळेपणें सांगतात कीं, ग्रंथकाराचीं सर्व मतें आपणांस मान्य नाहींत, परंतु विचारांचा ताजेपणा मनाला हुशारी आणणारा आहे. गुरूनें शिष्याच्या पुस्तकाच्या दारांत उभें राहून आपला मतभेद सांगावा आणि तरीही आशीर्वाद द्यावा, हें दृश्य आम्हांस फार मोठें वाटतें. इरावतीबाई कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं मानवी कवट्यांच्या असमतोलावर काम करीत होत्या. मार्गदर्शकाच्या वंशविषयक अपेक्षेस पुष्टि देणारा निष्कर्ष मोजमापांतून निघेना. तेव्हां निघाला तोच निष्कर्ष त्यांनीं लिहिला, आणि १९३० च्या सुमारास पदवी घेऊन त्या परत आल्या. परदेशांत एकटी राहणाऱ्या पंचविशीच्या मुलीनें तें करावें, याला कोणतें क्रेडिट द्यावयाचें?

यावर कोणी म्हणेल कीं, मग पदवी हवीच कशाला? राजवाडे बी. ए. च्या पुढें गेले नाहींत, तरी त्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड उभे केले. महामहोपाध्याय काणे वकिली करीत होते. धर्मशास्त्राचा इतिहास १९३० पासून १९६२ पर्यंत लिहीत राहिले, आणि त्या पांच खंडांसाठीं त्यांनीं कोणाकडे नोंदणी केली नव्हती. आमच्या वडील पिढीचा हा आवडता युक्तिवाद आहे. तो ऐकावयास गोड लागतो. पण तो पुरता खरा नव्हे. राजवाड्यांचे जे गुण ते त्यांचे स्वतःचे, आणि त्यांचे जे दोष, विशेषतः व्युत्पत्तीच्या बाबतींत त्यांनीं घेतलेल्या ज्या भराऱ्या पुढील अभ्यासकांस मान्य झाल्या नाहींत, त्यांच्या मुळाशीं एक कारण असेंही असावें कीं, 'हें जुळत नाहीं, पुन्हां लिहा' असें म्हणणारा अधिकारी पुरुष त्यांस भेटला नाहीं. भेटला असता तर त्यांनीं त्याचें ऐकलें असतें कीं नाहीं, हा प्रश्न निराळा! शिवाय घरादाराकडे पाठ फिरवून गांवोगांवचीं दप्तरें हुडकीत हिंडणें ज्याला झेपतें तो लाखांत एक. बाकीच्यांना शिष्यवृत्ति पाहिजे, ग्रंथालय पाहिजे, आणि चुकलेली वाट दाखविणारा माणूस पाहिजे. पदवीची योजना आहे ती या बाकीच्यांसाठीं.

आणि या बाकीच्यांकडे नव्या नियमांनीं कांहीं ठिकाणीं खरोखर लक्ष दिलें आहे, हें कबूल केलें पाहिजे. नोकरी संभाळून अंशकालिक काम करण्याची मोकळीक आहे. स्त्रियांस व दिव्यांगांस मुदतींत दोन वर्षें अधिक मिळतात; बाळंतपण व बालसंगोपन यांसाठीं २४० दिवसांपर्यंत रजा आहे. विवाहामुळें किंवा अन्य कारणानें स्त्रीला दुसऱ्या गांवीं जावें लागलें तर तिचें जमविलेलें संशोधनसाहित्य तेथील संस्थेंत नेण्याची तरतूद आहे. राजपत्राच्या रुक्ष भाषेंत हें एकच वाक्य असें कीं, तें लिहिणाराच्या डोळ्यांपुढें कोणी तरी खरी मुलगी उभी असावी. लग्न ठरलें म्हणून टिपणांच्या वह्या माळ्यावर टाकून गेलेल्या किती तरी मुली आमच्या पाहण्यांत आहेत. मुलीच्या सासरीं बोलणीं करावयास जाणाऱ्या वडिलांनीं हें कलम खिशांत ठेवावें, असें आम्हांस सुचवावेंसें वाटतें.

या पदवीभोंवतीं अलीकडे जी गर्दी उसळली तिचें कारण मात्र ज्ञानतृष्णा नव्हे. २०१८ सालीं आयोगानें जाहीर केलें कीं, जुलै २०२१ पासून विद्यापीठांत सहायक प्राध्यापक होण्यास पीएच्. डी. आवश्यक होईल. मग ती मुदत २०२३ पर्यंत लांबविली. आणि २०२३ सालीं ती अट काढून नेट किंवा सेट पुरेशी ठरविली. या पांच वर्षांत ज्यांनीं केवळ नोकरीच्या धाकानें नांवें नोंदविलीं, विषय म्हणून हाताला लागेल तो धरला, त्यांचें काय? त्यांपैकीं कित्येक अजून चौथ्या प्रकरणाशीं झुंजत आहेत. त्यांना दोष देण्याचें आमच्या मनांत येत नाहीं. घरच्या माणसांनीं त्यांना 'तुझें तें संपलें का रे?' असें सणासुदीला विचारणें तेवढें बंद करावें.

आतां छापण्याच्या त्या जुन्या कोलंबियन दंडकाकडे परत येऊं. त्याचा जाच गरिबाला झाला हें आम्ही वर सांगितलेंच. पण त्यामुळें प्रबंध लोकांपुढें येई. आज तोच हेतु बिनखर्चानें साधला आहे. प्रत्येक मान्य प्रबंधाची प्रत 'शोधगंगा' या सार्वजनिक संग्रहांत ठेवावी लागते. तेथें देशांतील लाखों प्रबंध कोणासही उघडून पाहतां येतात, मराठींतलेही पुष्कळ. म्हणजे दार उघडें आहे, आणि आंत कोणी जात नाहीं. आमचीं मासिकें कवितासंग्रहांचीं परीक्षणें छापतात, दिवाळी अंकांचीं छापतात. एका तरी प्रबंधाचें परीक्षण गेल्या दहा वर्षांत वाचल्याचें वाचकांना आठवतें काय? जो प्रबंध दोन परीक्षकांपलीकडे कोणी वाचणार नाहीं हें लिहिणाराला पक्कें ठाऊक असतें, तो तसाच लिहिला जातो. यांत आयोगाचा अपराध नाहीं. आमचाच आहे, आणि तो सुधारण्यास राजपत्र लागत नाहीं. येत्या अंकापासून दर तीन महिन्यांस एका मराठी प्रबंधाचें परीक्षण या पानांवर द्यावें, अशी विनंति आम्हीं संपादकांस केली आहे. पहिलें परीक्षण लिहिण्याचें आम्ही पत्करलें आहे.

तोंडी परीक्षा उघडी असते, कोणासही आंत बसतां येतें, म्हणून गेल्या कांहीं वर्षांत अशा दोन-तीन परीक्षांना आम्ही बसलों. एके ठिकाणीं पेढ्यांचा पुडा आणि शाल परीक्षा सुरू होण्यापूर्वींच टेबलावर मांडून ठेवलेली होती. त्याविषयीं अधिक लिहीत नाहीं. दुसऱ्या ठिकाणीं उमेदवार तालुक्याच्या गांवांतील शाळेंत शिकविणाऱ्या एक बाई होत्या. मोडी कागदांवरून एका परगण्याच्या सारावसुलीचा त्यांनीं अभ्यास केला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनीं पुस्तक चाळतां चाळतां विचारलें, "बाई, शेजारच्या परगण्याचें दप्तर तुम्हीं पाहिलेलें दिसत नाहीं?"

बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "नाहीं पाहिलें, सर. तें उघडावयास दोन वर्षें परवानगी मिळाली नाहीं, आणि मिळाली तेव्हां माझी मुदत संपत आली होती. त्यांत उलट पुरावा निघाला तर माझें तिसरें प्रकरण उभें राहणार नाहीं."

मार्गदर्शक खुर्चींत चुळबुळूं लागले. परीक्षकांनीं पुस्तक मिटलें आणि चष्मा काढला. "किती रुमाल आहेत तेथें?"

"एकशें बारा. त्यांतले चार सोडून पाहिले आहेत. वाळवी लागलेली आहे."

पुढें अर्धा तास ते दोघे त्या एकशें बारा रुमालांविषयींच बोलत होते, आणि दाराशीं शिपाई किल्ल्या घेऊन उभा होता.